निळ्या पाण्यातलं वारं

सन दोन हजार तेवीसचा उन्हाळा. मला तेव्हा एकाहत्तरावं लागलं होतं. आधार कार्डावर दोन वर्षं जास्त लावलीत, पण आई सांगायची तेच मी खरं धरतो. शाळा दुसरीपर्यंत. पुढं जे शिकलो ते विहिरीत उतरून. चौसाळ्याच्या आसपास कुणाची मोटार पाणी ओढेना झाली की माणूस मला न्यायला यायचा, अन् मी गेलो की मोटार चालू करूनच जेवायला बसायचो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. असलीच तर असू द्या.

पंपाची एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. पाइपात कुठून तरी हवा गेली की मोटार नुसती फिरते, खुळखुळ आवाज करते अन् पाणी पुढं जात नाही. आजकालची पोरं म्हणतात, हवा धरली. आम्ही जुनी माणसं म्हणतो, वारं शिरलं. मी जन्मभर तेच म्हणत आलो, अन् त्या एका शब्दापायी आमच्या घरात जे झालं ते झालं.

मला एकच मुलगा. तो कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढायचा. अजून बांधलेलीच नाहीत अशी घरं, पण हुबेहूब. खिडकीतून ऊन आत आलेलं, सोफ्यावर उशी, ओट्यावर सफरचंदं. माणूस मात्र एकाही घरात नसायचा. मी एकदा विचारलं, "ऱ्हातं कोण यात?" तो म्हणाला, "कुणी न्हाई आबा. माणसं काढली तर मशीनवर लोड येतो."

त्या कामाला साधा कॉम्प्युटर पुरेना म्हणून त्यानं एक स्वतःच्या हातानं जोडला. काचेची पेटी, अन् आत निळं पाणी. एका कडेला उभी गोल टाकी, तिच्या बुडाशी मुठीत मावंल एवढा पंप, तिथून नळ्या निघून मधल्या प्रोसेसरवर जायच्या. प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं, सगळा ताप तिथंच. डोक्यावरचा ताप घेऊन पाणी रेडिएटरमध्ये जायचं, पंखे त्याला निववायचे, अन् तेच पाणी परत टाकीत. पेटीच्या तोंडावर एक आकडा पेटलेला असायचा, डोकं किती तापलं त्याचा.

"सत्तरपर्यंत काळजी न्हाई आबा," तो सांगायचा. "नव्वद झालं की ताप चढला म्हणायचं. शंभराला टेकलं की गडी आपलाआपण बंद पडतो."

"इथं माणसाला टँकरचं पाणी, अन् तू डब्याला पाजतो बे?"

"एकदाच पाजायचं. तेच फिरत ऱ्हातं."

पुढं त्याच्या किडन्या गेल्या. बीडला दवाखान्यात त्याला मशीनला लावायचे. नळीतून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून परत आत. पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "बघा आबा, माझं बी कूलिंग चाललंय." मी हसलो. काय करणार? डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. तो आईच्या तोंडाकडं बघायचा अन् म्हणायचा, "आई, एक घोट." तिच्या हातात तांब्या असायचा, अन् नर्स मान हलवायची. शेवटी शेवटी छातीत पाणी झालं. श्वास घेताना खुळखुळ वाजायचं. बाहेर बाकड्यावर बसून मला ऐकू यायचं. कोरड्या ओठानं गेला तो.

त्यानंतरचा हा पहिला उन्हाळा.

मशीन सूनबाई चालवू लागली. तिला त्यानंच सगळं शिकवलं होतं. पुण्याच्या एका बिल्डरचं मोठं काम तिनं धरलं होतं, आख्ख्या कॉलनीची चित्रं, अन् कॉलनीतून फिरल्यासारखी एक फिल्म. दुपारी जेवणं झाली की ती मशीनला काम लावून द्यायची अन् आत जाऊन पाठ टेकायची. मशीन एकटंच बाहेरच्या खोलीत काम करत बसायचं. भर दुपारी आमच्या वस्तीवर कुत्रंसुद्धा हलत नाही. त्या वेळेला पिंपळाखालून जाऊ नये म्हणतात. मी मानत नाही, पण जातही नाही.

अशाच एका दुपारी मी बाजेवर पडलो होतो अन् मला ते ऐकू आलं. खुळखुळ. मग गप्प. मग लांब ओढ घेतल्यासारखा आवाज, अन् परत खुळखुळ.

मी उठून बसलो. अंगावर काटा होता. कारण तो आवाज मी बाकड्यावर बसून ऐकलेला होता.

पेटीजवळ गेलो. आकडा ब्याण्णव. टाकीतलं निळं पाणी बरंच खाली गेलेलं, अन् पंपाच्या तोंडाशी बुडबुडे. कळलं मला. आमच्याकडचं कोरडं ऊन, पाणी कुठून कुठून उडून जातं. सूनबाई आवाजानं बाहेर आली. तिच्या मागं आमची म्हातारी, पोराची आई, तीही दारात उभी राहिली. मी काचेवर बोट ठेवून म्हणालो, "वारं शिरलंय यात."

 म्हातारी पदर तोंडाशी धरून आत गेली.

"मामा, पाणी भरावं लागंल," सूनबाई म्हणाली. "पण साधं चालत न्हाई. क्षार बसतात, शेवाळ धरतं. ते औषधवालं पाणी मागवते. इकडं यायला आठवडा तरी जाईल."

"मग तवर बंद ठेव."

"बंद कसं ठेवू? काम दिलं न्हाई तर ते दुसऱ्याला देतील." ती खाली बघत म्हणाली, "ही मशीन गेली तर मला पुण्याला नोकरीला जावं लागंल, मामा. माहेराहून, कड्याहून बाबा रोज फोन करतात, तिथं काय ऱ्हायलंय तुझं म्हणून. मी सांगते, काम हाय."

 तेव्हापासून माझं लक्ष त्या आकड्यावर लागलं. मशीन चालू आहे तोवर घरात तीन माणसं. ते पडलं तर आम्ही दोन म्हातारे, अन् भिंती.

पाणी कुठपर्यंत आहे ते कळावं म्हणून मी टाकीला वायरमनची काळी पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पाणी पट्टीच्या चांगलं वर. खुळखुळ बंद. आकडा पंचाहत्तर.

"आलं व्हय औषध?" मी सूनबाईला विचारलं.

"कशाचं? मला वाटलं तुमीच काही केलं. म्हणलं, मामांना सांगून उपयोग न्हाई."

"मी? मी हात लावला न्हाई."

 ती हसली, पण ते हसू लवकर मिटलं.

मी पट्टी वर सरकवली. दोन दिवसांनी पाणी परत तिच्या वर. परत सरकवली. जन्मभर पाणी खालीच जाताना बघितलं मी. विहिरीचं, बोअरचं, तळ्याचं. झाकण लावलेल्या टाकीत पाणी आपलंआपण वाढताना कधी बघितलं नव्हतं. अन् रंगही उतरत चालला. आधी नीळ घातल्यासारखं होतं, मग धुतलेल्या धोतरासारखं झालं, अन् मग नुसतंच पाणी.

आकडा मात्र हळूहळू परत चढू लागला. ऐंशी. पंच्याऐंशी. सूनबाई चित्रं लहान करून काढू लागली, टेबल फॅन पेटीकडं वळवला. एका दुपारी लाइट गेली, पंखे थांबले, पडद्यावरचं रिकामं घर विझलं. मी पेटीसमोरच बसलेलो. सगळं बंद, पंप बंद, अन् नळीत एक बुडबुडा खालून वर निघाला. सावकाश, जिना चढल्यासारखा. मधल्या वळणावर थांबला. मग परत निघाला अन् टाकीत जाऊन फुटला. उन्हानं पाणी तापतं, तापलं की हवा सुटते, हे मला कळतं. तरी मी तिथून उठलो अन् बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. लाइट येईपर्यंत आत गेलो नाही.

आकडा सत्त्याण्णवला गेला त्या दिवशी मी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे, बघायचंच. दुपारी सूनबाईनं काम लावून दिलं अन् ती आत गेली. मी बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलो, टॉवेल तोंडावर, एका कडेनं पेटी दिसंल असा. पत्रे कडाडत होते. मशीनचा पंखा वाढायचा, उतरायचा.

पाऊल वाजलं नाही. पण पेटीजवळ कुणी तरी उभं होतं.

म्हातारी होती. हातात दवाखान्यातला तोच तांब्या. पेटीची वरची काच तिनं उचलली, टाकीचं टोपण फिरवलं. पोरगा तिला दाखवायचा ना कौतुकानं, बघ आई, इथून भरायचं. तिनं बारीक धार धरली अन् लेकराला पाजताना म्हणतात तसं म्हणाली, "पी बाबा, पी. आता कुणी न्हाई म्हणत न्हाई."

अन् पंपानं घोट घेतला. घटकन आवाज झाला. मी माझ्या कानानं ऐकला.

मी उठून बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं, पण धार थांबवली नाही.

"काय करती गं?"

"दिसतंय की."

"कुठलं पाणी हे?"

"कपिलधारचं. तीर्थ हाय."

"अगं, मशीन मरंल त्यानं."

"मेलेलं आणिक मरतं व्हय?" ती म्हणाली. "तुमीच म्हणला न्हवं का, वारं शिरलंय म्हणून? मला काय कळत न्हाई? त्याच्या छातीचा आवाज मी वळखीत न्हाई?"

आता माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं अंगात येतं त्यालाही वारंच म्हणतात. देवीचं वारं, मेलेल्याचं वारं. मी पंपाचं बोललो अन् तिनं पोराचं ऐकलं.

"मी हवा म्हणत होतो. पाइपातली हवा."

"वारं म्हणजे वारं," ती म्हणाली. "तुमी सांगा, ताप उतरला का न्हाई पाणी पाजल्यावर?"

उतरला होता की पहिल्यांदा! मोठमोठ्या साहेबांशी मी पंपावरून हुज्जत घातलीय, पण त्या दुपारी तिच्याशी घातली नाही. मी एवढंच विचारलं, "किती दिवस झाले पाजतीस?"

"आज धरून दोनदाच. पहिल्या दिवशी, अन् आज. डबा लहान हाय, पुरवून वापरते."

"दोनदाच? मधी न्हाई?"

"कशाला खोटं बोलू?"

पाणी तर आजच्या आधीच दोनदा पट्टीच्या वर आलं होतं. पुढं विचारावं असं मनात आलं, पण मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

संध्याकाळी औषधाच्या पाण्याचं पार्सल आलं. मी सूनबाईला बाजूला घेतलं अन् म्हणालो, "पाणी मी घालत होतो. बोअरचं."

तिनं पार्सल खाली ठेवलं. "मामा, तुमी? एवढ्या मोटारी दुरुस्त केल्या तुमी! मी सांगितलं होतं ना क्षार बसतात म्हणून? विचारलं तवा बी न्हाई म्हणालात!"

"झालं आता."

"कावून केलं पण?"

"वाटलं मला, झालं!" मी खेकसलो. उभ्या आयुष्यात पंपाच्या कामात कुणी मला चूक म्हणालं नव्हतं. चौकटीशी म्हातारी उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दोघांनी मिळून मशीन रिकामं केलं. बादलीत पडलेल्या पाण्याला जुन्या आडाचा वास होता, अन् नळ्यांच्या आतून हिरवट बुळबुळीत साय निघाली. प्रोसेसरवरच्या तांब्याला पांढरा थर. सूनबाईनं जुन्या ब्रशनं तो घासून काढला. मी नळ्या धुतल्या. बादलीतलं पाणी मोरीत ओतायला निघालो तर म्हातारीनं बादली हातातून घेतली अन् कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन रिकामी केली. मग आम्ही निळं पाणी भरलं, पेटी इकडं तिकडं कलवून सगळी हवा काढली, अन् काम लावलं. आकडा चढत चढत सदुसष्टला गेला अन् तिथं थांबला. सूनबाईनं कड्याला फोन लावला. "काम चालू हाय बाबा," एवढंच बोलली.

म्हातारी त्या रात्री जेवली नाही. पेटीतून आता श्वासासारखा, घोटासारखा कसलाच आवाज येत नव्हता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या जीपनं चौसाळ्याला गेलो अन् बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालतात त्या पाण्याचा डबा आणला. त्यात क्षार नसतो, शेवाळ धरत नाही. घरी आलो तेव्हा म्हातारी चुलीपुढं होती. डबा तिच्यासमोर ठेवला.

"हे पाजत जा," मी म्हणालो. "रोज न्हाई. पाणी पट्टीच्या खाली गेलं तरच, अन् पट्टीपर्यंतच."

तिनं डबा हलवून बघितला, झाकण काढून वास घेतला. मग हाताचा तळवा त्याला लावला.

"गरम हाय की हे," ती म्हणाली.

उन्हातून आणलेला होता तो. मी एक गोणपाट भिजवलं, डब्याभोवती गुंडाळलं, अन् तो माठाशेजारी सावलीत ठेवला.