लूमच्या माळ्यावरचे न्यायाधीश

वकिलाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात, जुन्या फायली आणि किस्से. फायली निदान रद्दीत जातात. किस्से रद्दीवालाही घेत नाही, म्हणून ते येईल त्याला सांगावे लागतात. तुम्ही आलाच आहात, तर बसा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. भिवंडीच्या कोर्टात आम्ही चार तरुण वकील होतो आणि चौघांनाही जज व्हायचं होतं. मिलिंद गायकवाड, कशेळीचा दिलीप पाटील, वसुधाताई आणि मी. ताई आमच्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, पण एकदा त्यांनी एका हवालदाराला असं झापलं की त्या दिवसापासून सगळ्यांच्या ताईच झाल्या.

परीक्षा अशी होती: लेखी पेपर दोन, एक दिवाणी कायद्याचा आणि एक फौजदारी. त्यात कलमं यायची, भाषांतर यायचं, आणि एक मोठा प्रश्न असायचा. हकीकत द्यायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही न्यायाधीश आहात, निकाल लिहा. हे सगळं पार पडलं की तोंडी परीक्षा.

*

फॉर्मला वकिलीच्या अनुभवाचा दाखला जोडावा लागे. तो आमच्या जजसाहेबांकडून घ्यायचा. दिलीप गेला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पाटील, इतक्या वर्षांत माझ्यासमोर नेमकं काय केलंत?"

दिलीपला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "साहेब, तारखा घेतल्या."

साहेबांनी जरा विचार केला आणि सही केली. म्हणाले, "मी पण दिल्याच की."

*

अभ्यासाला जागा नव्हती. ताईंचे एक अशील, अन्सारीचाचा, त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना होता. त्यावरचा माळा त्यांनी आम्हाला दिला. खाली चोवीस लूमचा खडखडाट, वर आम्ही चौघं. एकमेकांना काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. दुपारी कोर्ट आटोपून आम्ही जायचो आणि खून, दरोडा, जन्मठेप असं किंचाळत बसायचो.

आठवडाभरात चाचा जिना चढून वर आले. हात जोडले.

"वकीलसाब, पढाई करो, जरूर करो. मगर सजा जरा आहिस्ता सुनाओ. मेरे दो कारीगर गाँव भाग गए."

*

त्या माळ्याने आमचं एक नुकसान केलं, ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं. तिथे शांतता होती. ताईंना शांततेत काही आठवेना. पहिला अर्धा तास कोराच गेला. मग त्यांनी पायाने टेबलाची दांडी हाणायला सुरुवात केली. खटक खटक, खटक खटक. लेखणी धावायला लागली.

सुपरवायझर आले. "मॅडम, हे काय चाललंय?"

ताईंनी मान वर न करता सांगितलं, "लूम."

*

माझं नुकसान तोंडी परीक्षेत झालं. समोर तिघं बसले होते, हाताच्या अंतरावर. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि ते तिघं खुर्चीत मागे सरकले. मधले हळूच म्हणाले, "आम्हाला ऐकू येतंय." मला वाटलं उत्तर पटलेलं दिसतंय, म्हणून पुढचं आणखी जोरात सांगितलं.

बाहेर आलो तर पुढचा उमेदवार बाकावरून उठला. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "दादा, उपकार झाले." आत त्यालाही तेच प्रश्न विचारले गेले.

तो पुढे जज झाला. मी वकीलच राहिलो.

*

भाषांतराचा सराव ताई घ्यायच्या. एकदा त्यांनी मराठी उतारा दिला, इंग्रजी करा आणि त्यावरच निकाल लिहा. उताऱ्यात वाक्य होतं, 'आरोपीने फिर्यादीच्या तोंडाला पाने पुसली.' म्हणजे साधी फसवणूक.

दिलीपने एक एक शब्द इंग्रजीत नेला आणि आरोपीला मारहाणीबद्दल शिक्षा ठोठावली. ताईंनी विचारलं, "मारहाण कुठे आहे यात?"

"पानं कसली व्हती ते लिवलं न्हाय," दिलीप म्हणाला. "निवडुंगाची पण असतील."

*

गायकवाड निकाल लिहायचा सराव घरीच करायचा. त्याची आई आणि आत्या यांचं नळावर भांडण झालं, हंडा आधी कोणाचा. गायकवाडने दोघींचे जबाब घेतले, मुद्दे काढले आणि नऊ पानी निकाल दिला. आई हरली.

आईने त्याला वाढायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेतून आले. ते मास्तर. नऊच्या नऊ पानं त्यांनी शांतपणे वाचली, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

"निकाल बरोबर आहे," ते म्हणाले. "आता आत्याकडे जेवायला जा."

तो सहा दिवस आत्याकडे जेवला. निकाल मात्र बदलला नाही.

*

आता शेवटचं. याचा निकाल आधीच सांगून टाकतो. गायकवाड त्या वर्षी पास झाला आणि जज होऊन गेला. दिलीप नऊ मार्कांनी राहिला. वयाच्या अटीमुळे ती त्याची शेवटची संधी होती.

दिवाणीच्या पेपरात निकालाचा प्रश्न आला. 'अ' आणि 'ब' शेजारी. विहिरीपासून 'ब'च्या घरी जाणारा पाण्याचा पाइप 'अ'च्या देवघराखालून गेलाय. देव विटाळतो म्हणून 'अ'ला तो काढून हवाय.

मी वाचलं आणि मान वळवून दिलीपकडे पाहिलं. ही त्याची केस होती. कशेळीचे रामाकाका त्याचे अशील. नावं बदलून ती पेपरात कशी आली देव जाणे. तो ती हरला होता आणि चार वर्षं माळ्यावर ओरडून आम्हाला सांगत होता की निकाल चुकला. त्यातला एकूण एक मुद्दा त्याला पाठ होता. मला वाटलं, पोराचं नशीब उघडलं.

दिलीप बराच वेळ पेपरकडे बघत बसला. मग तीन ओळी लिहिल्या आणि पुढच्या प्रश्नाला गेला.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "काय लिहिलंस रे?"

त्याने लिहिलं होतं: 'सदर दाव्यात मी प्रतिवादीचा वकील होतो. त्यामुळे हा दावा मला चालवता येणार नाही. तो दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग करावा.'

गायकवाडने डोक्याला हात लावला. ताईंना रडू येत होतं की राग, कळेना.

"अरे दिलीप," त्या म्हणाल्या, "ते नुसते अ आणि ब होते. कागदावरचे."

"न्हाय ताई," दिलीप म्हणाला. "ब म्हंजे रामाकाका हाय. त्या पायपाचं पानी पिलोय मी."