गोदावरीत न फेकलेल्या गोळ्या

आयुष्यात मी पुष्कळ साक्षी दिल्या — मंडपात, घरगुती सभांत, एकदा तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून. ही मात्र कधीच दिली नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी ती आडवळणाने सांगते, जणू देवाला आतलं काही ठाऊकच नसावं. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल — की पंधरा-सोळा वर्षं पोटात ठेवून आता थकले आहे?

तुम्ही आमच्यातले नसाल, तर साक्ष म्हणजे काय ते आधी सांगते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. खोकला बरा झाला, बदली रद्द झाली, मुलगा दहावी पास झाला — काहीही चालतं. ती थोडी रंगवून सांगितली तर कुणी खोटं मानत नाही. मीही मानत नव्हते.

पंधराव्या वर्षापासून मला फिट यायच्या. दोन स्थळं त्यापायी मोडली. तेव्हा आम्ही देवळाली कॅम्पात राहायचो, मी नाशिकरोडला प्राथमिक शाळेत शिकवायचे. वर्गात एकदा फिट आली आणि पहिलीतली मुलं रडत बाहेर पळाली. त्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी लागोपाठ तीन शुक्रवार उपास धरला. डायबेटिसवाल्या मावश्यासुद्धा नुसत्या चहावर बसल्या. त्याच महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती. फिट थांबल्या. देवाने थांबवल्या की गोळीने? दोघांनी मिळून, असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

पाच महिन्यांनी उज्जीवन सभा होती, थंडावलेला विश्वास पुन्हा जागवायची. मोठा मंडप, बाहेरगावचा वक्ता. मी साक्षीला उभी राहिले आणि एवढंच म्हणाले की प्रभूच्या दयेने फिट थांबल्या आहेत. हे खरं होतं — इथवर खरंच होतं. वक्त्याने माइक माझ्यापुढे धरून विचारलं, "आणि गोळ्या, भगिनी?" समोर तीन-चारशे माणसं. पहिल्या रांगेत माझे वडील. मी म्हणाले, "सोडल्या."

काय टाळ्या पडल्या! वडील रडत होते. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गोळ्यांची पट्टी त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती, वहीच्या आत. मला लाज वाटली का? खरं सांगते, पहिल्यांदा आनंद झाला. तोवर माझ्याकडे लोक कीव करत बघायचे, आता मान देऊन बघू लागले. त्याच सभेतून मला स्थळ आलं. माझे यजमान भले गृहस्थ आहेत. मी रोज घेते ती गोळी थायरॉइडची आहे, असं ते आजही समजतात.

मग मला ठिकठिकाणी बोलावणी येऊ लागली. सटाण्याला गेले, दिंडोरीला गेले. दरवेळी थोडा मीठमसाला वाढत गेला. दिंडोरीला पोहोचेपर्यंत मी त्या गोळ्या रामकुंडापाशी गोदावरीत फेकल्या होत्या, आणि फेकताना माझ्या अंगातून गरम वारा गेला होता. हा गरम वारा मला कुठून सुचला, देव जाणे.

दिंडोरीची सभा एका द्राक्षबागेतल्या शेडमध्ये होती. सुरगाण्याकडून छाटणीला आलेली मजूर मंडळी खाली बसली होती. सभा संपल्यावर यमुना नावाची बाई मला गाठायला थांबली. बोटांना चीक लागलेला, पदराआड तेरा-चौदा वर्षांची लेक. लेकीचं नाव सुंदर. तिलाही झटके यायचे, सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या.

"बाई," यमुनाने माझा हात धरून विचारलं, "तुमी खरंच टाकल्या का गोळ्या? हिच्या पन टाकू का? तुमी सांगाल तसं करीन."

लक्षात घ्या, इथे माइक नव्हता. टाळ्या नव्हत्या. वडील नव्हते. एक बाई मला खरं काय ते विचारत होती, आणि तिच्या पोरीचा जीव त्या उत्तरावर होता. बाजूला नेऊन कानात सांगता आलं असतं — बाई, मी अजून घेते, तूही देत राहा. ती कुणाला सांगणार होती? पण पाळकसाहेब चार पावलांवर उभे होते. मी म्हणाले, "विश्वास असेल, तर टाक."

वरून ती अटही घातली. का घातली? कुठेतरी मला माहीत होतं, काय होऊ शकतं ते. उद्या काही झालंच, तर दोष कुणाकडे जाईल याची सोय मी तिथेच करून ठेवली.

तीन आठवड्यांनी सुंदर भाकरी थापत असताना तिला झटका आला आणि ती चुलीत पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, गाल आणि कान भाजला. दिंडोरीहून निरोप आला तसे आम्ही मंडळीतले चौघे नाशिकला दवाखान्यात गेलो. मी मोसंबी घेतली होती. डॉक्टर यमुनावर ओरडत होते — गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या? यमुना खाली मान घालून म्हणाली, "मीच केल्या, साहेब." मी तिच्या मागेच उभी होते. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

सुंदर वाचली. आता तिशीला टेकत आली असेल. बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत, लग्न झालेलं नाही, डाव्या हाताने ती सगळं करते. यमुना दोन वर्षांपूर्वी गावी वारली. मला निरोप आला होता. मी गेले नाही, शाळेच्या परीक्षा आहेत म्हणून कळवलं. हल्ली अशा सभांविषयी वर्तमानपत्रात काही छापून आलं की आमच्यातले लोक चिडतात, आपल्याला बदनाम करतात म्हणतात. मी त्या चर्चेत चहा देते आणि आत जाते.

पण मी अजून ते सांगितलेलं नाही. खोटं बोलले, ते सांगितलं. पोरगी भाजली, तेही सांगितलं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात पुढे काय झालं, ते राहिलं आहे.

आम्ही निघालो, तेव्हा यमुना धावत मागे आली. माझ्या पायाशी पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, माजाच इस्वास कमी पडला. माज्यामुळं पोर जळली. माज्यासाठी प्रार्थना करा, देवानं मला माफ करावं."

ते तिघे पुढे निघून गेले होते. जिन्यात आम्ही दोघीच होतो.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. आणि म्हणाले — हे प्रभू, या तुझ्या लेकीच्या अविश्वासाची तिला क्षमा कर.

यमुना म्हणाली, "आमेन."