गुरुवारचा रविवार

शिरवळच्या कंपनीत लागलो आणि माझा रविवार गेला. कंपनीची सुट्टी गुरुवारी. चर्च सांगलीत, म्हणजे एसटीने चार तास आणि खंबाटकी घाटात गाड्या अडल्या तर किती ते विचारू नये. बरं, गुरुवारी सांगलीला जाऊन तरी काय करणार? चर्चला कुलूप. आमच्या पाळकांना फोन करून अडचण सांगितली, तर ते म्हणाले की देवाच्या घरी कॅलेंडर टांगलेलं नसतं, तू आपली उपासना गुरुवारी कर. एकट्याने करणं जड जाईल, असंही म्हणाले होते. ते मी फारसं मनावर घेतलं नाही.

जड गेलं. सांगलीत मी काही मोठा भाविक नव्हतो. मागच्या बाकावर बसायचं, कोण आलं कोण नाही ते बघायचं, गायनाच्या वेळी सगळ्यांबरोबर तोंड उघडायचं, आणि घरी येऊन मटण खायचं. माझा आवाज बेसूर आहे हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी शिरवळच्या त्या खोलीत कळलं. तोवर आजूबाजूच्या शंभर माणसांनी तो झाकून घेतला होता. शास्त्रवाचनाला उभं राहायचं की नाही, हाही प्रश्नच होता. उभं राहिलो तर समोर गॅसची शेगडी. पाळकांचं वाक्य मीच वाचायचं आणि मंडळीचं उत्तरही मीच द्यायचं. पहिले काही गुरुवार मला नुसतं हसू येत होतं.

खोली एका मावशींच्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. मावशी म्हणजे घरमालकीण, वय साठीच्या आसपास. यजमान फौजेतून निवृत्त होऊन वारले होते आणि एकुलता एक मुलगाही फौजेतच होता. त्याआधी मी आणखी एक खोली पाहिली होती. तिथल्या मालकांनी आगाऊ पैशांसकट सगळं ठरवलं, आणि बोलता बोलता माझा धर्म कळल्यावर त्यांना एकाएकी आठवलं की पुतण्या राहायला येणार आहे. मावशींनी धर्म विचारला नाही, मीही सांगितला नाही. आमचं आडनाव असं आहे की निम्म्या सातारा जिल्ह्याने त्यात आपला भाऊबंद ओळखावा.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी मावशी सकाळी वर आल्या. दार का लावून बसता, बरं वाटत नाही का, असं विचारत होत्या. मी म्हणालो, गुरुवारी माझी उपासना असते.

"उपास, ना?" त्या म्हणाल्या. "मग सांगायचं की."

आणि खाली गेल्या. अर्ध्या तासाने साबुदाण्याची खिचडी आली, वर दाण्याचं कूट, शेजारी दही. उपासना आणि उपास यांतला फरक सांगायला मला फार तर एक वाक्य लागलं असतं. पण ते वाक्य पुढे कुठे जाईल हे मला माहीत होतं, म्हणून मी खिचडी खाल्ली. मावशी स्वतः दत्ताचा गुरुवार धरत. आपल्या घरात आणखी एक गुरुवारवाला आहे म्हणून त्या खूश झाल्या आणि दर गुरुवारी नऊ वाजता ताटली घेऊन येऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी मटण करायचा माझा बेत होता, तो कायमचा बारगळला.

हा विनोद मी सांगलीला घरी सांगितला. सगळे हसले, आई हसली नाही. तिने फक्त विचारलं, त्या बाईंना अजून माहीत नाही का? मी म्हणालो, सांगेन सवडीने.

पहिला हिवाळा सरत आला तेव्हा माझा उत्साहही सरला होता. एका गुरुवारी उठलोच नाही. नऊला दार वाजलं. मावशी ताटली घेऊन उभ्या, "झाली का पूजा?" मी डोळे चोळत म्हणालो, झाली. माझ्या अंथरुणाकडे पाहत त्यांनी ताटली ठेवली. मला शरम वाटली, तीही देवाची नाही, मावशींची. पुढच्या गुरुवारपासून आठला आंघोळ करून बसू लागलो, कारण नऊला ताटली येणार होती. माझी उपासना टिकली ती श्रद्धेच्या जोरावर, असं मी कुठे सांगत नाही. ती साबुदाण्याने टिकवली.

मधूनमधून मावशी म्हणत, माझ्या पोरासाठी पण मागा. मी हो म्हणत असे, आणि मागतही असे. अगदी न चुकता.

दुसऱ्या वर्षी मुलाची बदली वर सरहद्दीकडे झाली आणि त्याचा फोन बंद झाला. मुलगा सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकायला नको. पण तेव्हा बारा दिवस काही कळत नव्हतं. मावशी फोन कमरेला खोचून धुणं धूत होत्या. तेराव्या दिवशी गुरुवार आला. त्या वर आल्या, हात रिकामे होते.

"खाली चला," त्या म्हणाल्या. "देवापुढं बसा आन् माझं मागणं तुमी मागा. तुमचा गुरुवार लय पक्का हाय. तुमचं ऐकंल त्यो."

मी उठलोही. पाच मिनिटांचं काम होतं. खाली जायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. सांगलीचं कुणी बघायला नव्हतं, आणि एका आईला धीर आला असता. मला ते सहज जमलं असतं. सहज जमलं असतं याचीच मला भीती वाटली, कारण मग त्या खोलीत दोन वर्षं मी जे काही करत होतो त्याला काही अर्थ उरला नसता.

"मावशी, मी ख्रिश्चन आहे," मी म्हणालो. "मी गुरुवारी उपास करत नाही. येशूची प्रार्थना करतो. कंपनी रविवारी चालू असते म्हणून गुरुवारी करतो."

मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. 

"मग इतके दिस बोलला का न्हाई?"

खोली जाईल म्हणून, मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

"खोली," त्या म्हणाल्या. एवढंच. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी मान वर केली. "माझ्या पोरासाठी मागत हुता म्हणला. त्ये तरी खरं हाय का?"

"ते खरं आहे."

"काय म्हणून मागत हुता?"

मी सांगितलं, मावशींच्या मुलाला सांभाळ म्हणून.

"त्याला काय कळणार, कुठली मावशी?" मावशी म्हणाल्या. "नाव सांगा की त्याला."

आणि त्यांनी मला मुलाचं नाव सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, भरतीच्या फॉर्मवर लिहितात तसं सगळं. दोन वर्षांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, आता मागा, मी हितंच बसते.

दार उघडं होतं. मी आत उभा राहिलो, मावशी पायरीवरच होत्या. मोठ्याने प्रार्थना करायची सवय मोडली होती, शब्द अडखळत आले. नाव घेतलं, गाव घेतलं, तालुकासुद्धा घेतला. शेवटी आमेन म्हणालो आणि थांबलो.

"झालं?" मावशींनी विचारलं.

झालं, मी म्हणालो. शेवटी आमेन म्हणतात, सगळे मिळून म्हणतात. तसंच होवो, असा त्याचा अर्थ.

मावशींनी डोक्यावर पदर घेतला. तो शब्द त्यांच्या तोंडी बसणारा नव्हता. त्यांनी थोडा विचार केला.

"व्हय," त्या म्हणाल्या.