अंडं फुटण्याआधीचा पहिला घाणा

घरी केलेली भेट म्हणजे प्रेमाची भेट, असं जे लोक डोळे मिटून म्हणतात, त्यांनी माझे शंकरपाळे खाल्लेले नाहीत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते फोडायला अडकित्ता लागायचा. त्यामुळे हाताने केलेल्या वस्तूंची भाबडी वकिली मी करणार नाही. परदेशी वस्तूंवरही माझा राग नाही. दिराने मस्कतहून आणलेली छत्री मी किती पावसाळे वापरली, मोजलेलं नाही. तरीही ऐंशी सालच्या आसपासच्या एका नाताळात मी बिस्किटांच्या एका डब्यावरून सासरच्या घरात सगळ्यांशी भांडले. चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आमची वाडी जिथे संपते तिथून खाडीकडची भातशेती सुरू होते. त्या शेतांच्या कडेला पहिलं घर मावशीचं. मावशी नात्याची नव्हे, शेजारची. आम्ही ख्रिस्ती, ती हिंदू, आणि वर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून मांस, मासळी, अंडं सगळं सोडलेलं. खाडीच्या तोंडाशी राहायचं आणि सुक्या बोंबलालाही शिवायचं नाही, याला केवढा निर्धार लागतो हे वसईच्या माणसाला सांगायला नको. माझी सासू आणि ती एकाच वयाच्या, एकमेकींना ‘बाय’ म्हणणाऱ्या. दिवाळीला तिच्याकडून फराळाचं ताट यायचं, नाताळला आमच्याकडून जायचं.

आता नाताळच्या आठवड्यात आमचं स्वयंपाकघर म्हणजे काय असतं? रव्याच्या केकसाठी अंडी फुटतात, फुग्यांच्या, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांच्या, पिठात अंडी, एका चुलीवर डुकराचं मटण. अशा घरातून माळकरी बाईला ताट पाठवायचं तर कसं? सासूने त्याची रीत लावून ठेवली होती आणि माझ्या पहिल्याच नाताळात ती मला शिकवली. घरात पहिलं अंडं फुटण्याआधी मावशीचा घाणा काढायचा. कढई वेगळी, वर्षभर खुंटीला टांगलेली. तेल नव्या डब्यातलं. करंज्या आणि शंकरपाळे तळून, ताट झाकून पलीकडे पोहोचवायचं, मग बाकीच्या कामाला हात लावायचा. “ती आपल्याला कधी विचारत नाही,” सासू म्हणाली होती, “म्हणून आपण सांभाळायचं.” घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. बाहेरच्यांना ती झेपणार नाही, म्हणून घरातली बोलणी इथे सरळ मराठीत लिहिते आहे.

सासूचं हे वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. पुढे तेच तिच्यावर उलटवायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या वर्षी धाकटा दीर तीन वर्षांनी मस्कतहून रजेवर आला. पेट्या उघडल्या तेव्हा घराला निराळाच वास आला, साबणाचा आणि नव्या प्लास्टिकचा. टेपरेकॉर्डर निघाला, नायलॉनच्या साड्या निघाल्या, आणि शेवटी एकावर एक रचलेले निळ्या पत्र्याचे डबे. झाकणावर बर्फात बुडालेलं घर, आत चॉकलेटची बिस्किटं. दीर म्हणाला, “आई, यंदा चुलीपुढे बसायचं नाही. ताटं पाठवायची तिथे एकेक डबा पाठवू. गाव बघत राहील.” सासूचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं. तिने आयुष्यभर धुरात डोळे चोळले होते. एक वर्ष बसून राहिली तर बिघडलं कुठे?

पण मला वाचायची खोड आहे. मी सरकारी शाळेत शिकवायचे. जत्रेतल्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायचे नाही. डब्याच्या बुडाशी एका बाजूला अरबी होतं, दुसऱ्या बाजूला बारीक इंग्रजी. त्यात अंड्याची भुकटी होती आणि प्राण्यांची चरबी होती. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, “हा मावशीकडे जायचा नाही. यात अंडं आहे, चरबी आहे.”

दिराला वाटलं मी त्याच्या वस्तूला नाव ठेवलं. तिकडे सगळे हेच खातात, साहेब लोक खातात, असं काहीतरी तो पुटपुटला. माझ्या नवऱ्याला भांडण नको असतं. तो वालीवला एका कारखान्यात फिटर होता. त्याने मधला मार्ग काढला. सातिवलीच्या एका गाळ्यात बिस्किटं भाजत, तिथला भट्टीवाला त्याच्या ओळखीचा होता. “त्याच्याकडे बिनअंड्याची नानकटाई मिळते. डब्यात भरून देऊ. बाहेरचीही नाही, घरचीही नाही, कोणालाच राग नको.”

“नाताळात त्याच भट्टीत केकही भाजतात ना?” मी विचारलं.

“भाजतात.”

“पत्रे वेगळे असतात?”

नवरा प्रामाणिक माणूस. म्हणाला, “पत्र्यांचं मी काही सांगू शकत नाही.”

म्हणजे तेही बाद. मी सासूकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती कढई काढायला सांगेल. ती साडीची घडी गुडघ्यावर ठेवून सारखी करत बसली होती. ती म्हणाली, “एका बिस्किटाने काय होतंय? तिला कळायचंही नाही.”

माझं डोकं फिरलं. “कळायचं नाही म्हणूनच तर,” मी म्हटलं. “तिला वाचता आलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. ती विचारणार नाही. आपल्या घरून आलंय म्हणून सरळ तोंडात टाकेल. तुम्हीच मला हे शिकवलंत, आई.”

थोड्या वेळाने दीर बाहेर ओसरीवर गेल्यावर सासू हळूच म्हणाली, “तीन वर्षांनी आलाय गं. त्याला नाही कसं म्हणू?” मला तिची कीव आली, खरंच आली. पण कीव आली म्हणून मी गप्प बसणार नव्हते. उद्या शाळेतून आले की मावशीचा घाणा मी एकटी काढते, असं सांगून मी झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरात अंड्यांच्या टरफलांचा ढीग. सासूने केकचं पीठ भिजवायला घेतलं होतं. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं की दीर सकाळीच मावशीकडे जाऊन आला. स्वतःच्या हाताने डबा देऊन आला. मावशीने त्याच्या गालावरून हात फिरवला म्हणे, लहानपणी माझ्या अंगणात नागडा फिरायचास म्हणाली. दीर ओसरीवर नाताळचा, बाळ येशूचा गोठा बांधत शीळ घालत होता.

मी शाळेची पिशवीही खाली ठेवली नाही, तशीच वळले. सासू पिठाच्या हातांनी दारात आडवी आली. “दिलेली वस्तू परत मागतात का? घराची अब्रू जाईल.”

“जाऊ दे,” मी म्हटलं. “ती राखायची तर काल राखायची होती.”

सासूला असं कोणी बोललं नव्हतं. मीही कधी बोलले नव्हते. बांधावरून झपाझप चालत निघाले. राग होता आणि भीतीही होती. सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? आमच्या घराने तुला फसवलं, हेच ना.

मावशी पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. “ये गं पोरी. शाला सुटली?” तिने सूप बाजूला ठेवलं आणि हसून आत बोट दाखवलं. डबा देवापुढे होता. झाकणावरच्या बर्फातल्या घराला हळदकुंकू लावलेलं होतं, वर झेंडूचं फूल. “यो तुजे दिरानं आनलाय. देवाफुडं ठेवलाय. सांजचे पोरा आयली का खोलू.”

पत्र्याला चिकटपट्टी तशीच होती. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, “मावशी, तो उघडू नको. त्यात अंडं आहे. चरबी आहे जनावराची. डब्यावर लिहिलंय, मी वाचलंय.”

तिचा हात आपोआप गळ्यातल्या माळेवर गेला. ती दिरावर चिडेल, डबा अंगणात भिरकावेल, असं मला वाटत होतं. तिने भलतंच विचारलं.

“तुजे सासूला ठावूक व्हतं?”

याचं उत्तर मी वाटेत तयार केलं नव्हतं. नाही म्हणणं किती सोपं होतं. सासू वाचली असती, दोघींचं जन्माचं बायपण वाचलं असतं, मीही घरी सुखाने गेले असते. पण मी तिथे एक खोटं पुसायला गेले होते. त्याच्या जागी दुसरं ठेवून परत यायचं तर गेलेच कशाला?

“ठाऊक होतं,” मी म्हटलं. “मुलाला नाही म्हणता आलं नाही तिला.”

मावशी उठली. देवापुढचा डबा उचलला, पदराने त्यावरचं हळदकुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “मना पन माजे पोराला नाय म्हनता आयलं नसतं.” तिचे डोळे भरले होते. सासूवर रागावली होती की तिच्यासाठी वाईट वाटत होतं, मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

मला एकदम रडू फुटलं. रडतच मी म्हटलं, “आमच्या घरात अंडी फुटलीत. आता तिथे तुझा घाणा निघायचा नाही. मला तुझी चूल दे.”

अशी नाताळची भेट कोणी दिली नसेल. चूल तिची, कढई तिची, तेल तिचं, पीठही तिचंच. माझे फक्त हात. ती समोर बसून बघत होती. मी शंकरपाळे कापून तेलात सोडले तशी तिने मान वाकडी केली. “ये तू करतंस? मना वाटं तुजी सासूच करते. चायेन भिजवून भिजवून खाल्ले गं मी, पन बोलले नाय.” मी रडत होते तिथेच हसायला लागले. त्या दिवशी तिने मला मोहन किती घालायचं ते शिकवलं. माझे शंकरपाळे सुधारले ते एका माळकरी बाईमुळे.

निघताना तिने नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी दिली, दिरासाठी. मी डबा आणि पोहे दोन्ही ओसरीवर त्याच्यापुढे ठेवले आणि काय झालं ते सगळ्यांदेखत सांगितलं. दीर लाल झाला. रजा संपेपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मीही माघार घेतली नाही, माझंही तोंड वाकडंच होतं. सासू मात्र नाताळच्या सकाळी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर कोणाला न सांगता बांधावरून पलीकडे गेली, रिकाम्या हाताने. जेवणवेळेला परतली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त ती वेगळी कढई तिने खुंटीवरून काढली, घासली आणि पुन्हा टांगली.

तीन वर्षांनी दीर परत आला. पुन्हा पेट्या, पुन्हा तोच वास. या वेळी त्याने एक डबा काढला आणि कोणाला काही न म्हणता माझ्यापुढे धरला. “वहिनी, आधी तू वाच.”

मी खिडकीपाशी नेऊन बुडाची ओळ न ओळ वाचली. अंडं नव्हतं, चरबी नव्हती. तसं मी सांगितलं.

“मग हा मावशीला?”

“नाही,” मी म्हटलं. “हा आपण खाऊ. छान दिसतोय. पण तिथे पहिला घाणाच जाईल.”

मला वाटलं, पुन्हा तीन वर्षांचा अबोला. सासूने जीव मुठीत धरून दोघांकडे पाहिलं. दिराने माझ्या हातातून डबा घेतला. मग त्याने तो फळीवर ठेवला, हात धुतले आणि पाट ओढून माझ्या शेजारी करंज्या भरायला बसला. त्याला कड दुमडता येत नव्हती. मी दाखवलं, सासूने दाखवलं, तरी त्याच्या निम्म्याअधिक करंज्या तेलात फुटल्या आणि सारण बाहेर आलं. मी त्या काढून बाजूला ठेवायला लागले, तर सासू म्हणाली, राहू दे ताटात.

ताट घेऊन तोच गेला. मी मागून बांधापर्यंत गेले होते, त्यामुळे मला दिसलं. मावशीने झाकण काढलं, सगळ्यात वाकडी, फुटकी करंजी उचलली आणि काहीही न विचारता खाल्ली.