चंद्रकोरीपुढची खुंटी

२८ मे १९९४, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. आटपाडीच्या अलीकडे, माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाकून मी टेप ताणली आणि सहाव्यांदा जवळजवळ तोच आकडा वाचला: बेचाळीस सेंटिमीटर.

आकडा घटायला हवा होता. समोरचा वाळूचा ढीग जेमतेम गुडघ्याएवढा, पण घडण थेट वाळवंटातल्या चंद्रकोरी टेकड्यांची: पश्चिमेला लांबट, सौम्य चढ, पूर्वेला एकदम तुटलेला उतार, आणि उताराच्या दोन्ही अंगांनी वाऱ्याच्या दिशेने पुढे आलेली टोके. वारा चढावरचे कण माथ्यापर्यंत ढकलतो, ते पलीकडे घसरतात, आणि असे कणाकणाने अख्खा ढीग पुढे जातो. आकार राहतो, जागा बदलते. पायथ्यापुढे मी एक खुंटी ठोकली होती. ढीग चालला की खुंटी जवळ येणार. विट्याला मावशीकडे राहून, दर तीन दिवसांनी पहिल्या एसटीने येऊन मी ते अंतर मोजत होते. पंधरा दिवस वारा डोळे उघडू देत नव्हता आणि ढीग ढिम्म होता.

सांगलीच्या मार्गदर्शक सरांना सोमवारी माझ्या प्रकल्पाचा मसुदा द्यायचा होता. तो पाहूनच ते राजस्थानातल्या संशोधन संस्थेकडे एका विद्यार्थ्याची शिफारस करणार होते. ती जागा मला हवी होती. इतकी, की रात्री मला झोप लागत नसे.

"मोजून मोजून झिजंल की ती खुटी," मागून आवाज आला. काठच्या रानात मेंढरे बसवायला आलेले म्हातारे धनगर. मी त्यांना तात्या म्हणत असे.

"तात्या, ढीग हलतच नाही."

"कोन म्हनतं? लय हलतोय. तुजी खुटी गाडली जाईल म्हून म्याच रोज फुडं सरकवतोय. पयल्या दिशी हुती तेवढीच लांब ठेवलीया. ही बग, काठीवर खूण."

मेंढरांभोवतीच्या जाळीच्या खुंट्या ते रोज उपटून पुढच्या तुकड्यात रोवत, म्हणजे साऱ्या रानाला खत मिळे. एका जागी राहिलेली खुंटी त्यांच्या लेखी विसरलेली खुंटी. माझी कशासाठी आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. पडताळ्याला दुसरी खूणही ठेवली नव्हती. चूक त्यांची म्हणता येईना.

"रोज किती सरकवलीत?"

"वारं असंल तसं. कवा चार बोटं, कवा ईत. लिव की. कालिजात बोटं चालत न्हाईत व्हय?"

बाभळीखाली बसून मी बोटांचे सेंटिमीटर केले. तात्या आठवून सांगत गेले, मी लिहीत गेले. रकाना सुरेख भरला: वारा जास्त, तिथे सरकणे जास्त. सरांना हवे होते ते नेमके हेच, आणि ते तपासायला कोणी येणार नव्हते. अर्धा तास मी त्या रकान्याकडे पाहत बसले. मग त्याखाली लिहिले: 'स्मरणावरून. मोजलेले नाही.' लिहिताना सचोटी वगैरे काही वाटले नाही; जागा हातची जाताना तेवढी दिसत होती.

आज शनिवार, एक दिवस उरला होता. ढिगापुढे पात्रातच काळा खडक होता. त्यावर रंगाची रेघ ओढून मी पायथ्यापर्यंतचे अंतर घेतले.

"तात्या, आता काही हलवायचं नाही."

"आवं बाईसाब, खडक उचलायला म्या काय पैलवान हाय?"

दुपारी दोनच्या सुमारास वारा पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाभळीचे पान हलेना. मी संध्याकाळच्या एसटीपर्यंत माथ्यावरच्या कणांकडे पाहत उभी होते. एकही उठला नाही.

रविवारी सकाळी, रेघ ओढली होती त्याच वेळी, पुन्हा टेप लावली. सोमवारी मसुद्यात मोजलेला म्हणून हा एकच आकडा गेला, आणि शिफारस दुसऱ्याची झाली. वहीतली शेवटची नोंद अशी: चोवीस तासांत सरकणे, दीड सेंटिमीटर.