उकर्ड्याची आई

वनिताबाई स्वतःच्या मुलाला कधीही आपला म्हणत नसत. पहिल्याच भेटीत मी विचारलं, हा कोणाचा? झेंडू तोडता तोडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "कोनाचा का असंना. उकिरड्यावर भेटला जी. म्या उचलला."

मुलांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी समाजसेवक होतो. मुलाची आबाळ होते अशी कोणीतरी तक्रार केली म्हणून वलगावजवळच्या त्यांच्या फुलांच्या शेतात गेलो होतो. तीन-चार वर्षांचा मुलगा बांधावर बसलेला. अंगात कोणाचा तरी जुना, घोट्यापर्यंत लोंबणारा सदरा, गालांना काजळी फासलेली, नाक टोचलेलं. नाव उकर्डा. तो ठेच लागून पडला, कळवळून रडला. वनिताबाई दोन पावलं धावल्या आणि थबकल्या. मागे वळून त्यांनी मोकळ्या वावराकडे पाहिलं, जणू तिथे कोणी उभं होतं. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मरत नाई तू. ऊठ."

"असं बोलतात का ताई लेकराला?" मी म्हणालो.

"तुमी तुमच्या पोराले हिरा म्हनत असान. म्हना. तुमचे सारे जगले असतीन."

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी अकोल्याचा; माझ्याच आजोबांच्या भावाचं नाव दगडू होतं, आणि ते का ठेवलं हे मला ठाऊक होतं. तरी मी अहवाल दिला की आईला मुलाची माया नाही, मूल इथे ठेवू नये.

आठवडाभरात त्यांचे यजमान गजानन अकोल्याला माझ्या घरी आले. खुर्चीवर बसले नाहीत. "साहेब, आमचे दोन गेले. दोघाइले लय जीव लावला, गोड नावं ठेवली. चालाले लागले अन् गेले. हा झाला तं हिनं याले मूठभर जवारीत शेजारनीले इकला, अन् मागच्या दारानं घरात आनला. ज्याचं कोनी नाई त्याले कोन नेते? अन् तुमी म्हनता माया नाई!"

अहवाल बालकल्याण समितीकडे गेला होता. मी म्हणालो, "समितीपुढे ताईंनी एवढंच म्हणावं की मुलगा माझा आहे, माझा जीव आहे त्याच्यावर."

हा निरोप ऐकून वनिताबाईंनी मला फोन केला. "आपलं म्हनलं का आयकते ते."

"कोण ऐकतं?"

"त्याचं नाव घेऊ का मी?"

अमरावतीला समितीपुढे, भर दुपारी, त्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या. मुलगा तुमचाच ना, असं त्यांना तीनदा विचारलं गेलं; शेवटी मीही विचारलं. गजानन रडकुंडीला आले. "बोल ना व! नेतीन ना पोराले!" तेव्हा वनिताबाईंनी दोन्ही तळव्यांनी मुलाचे कान झाकले आणि म्हणाल्या, "माहा हाये. माह्या पोटचा हाये. माहा जीव हाये." समितीतल्या बाई हसल्या. वनिताबाई मात्र त्या बाईंच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहत होत्या.

मूल घरी राहिलं. पुढे चौकशीला गेलो तेव्हा बांधावर असतानाच घरातून वनिताबाईंचा आवाज आला. "ये राजा, ये माह्या सोन्या. भात निवून राह्यला." मला वाटलं, आपण या बाईचं तोंड उघडलं.

आत ताटात भात वाढलेला होता. दोरीवर नवाकोरा लहान सदरा वाळत होता. मूल नव्हतं. गजानन भिंतीला टेकून खाली पाहत बसले होते. मुलाला त्यांनी त्याच्या बाळापूरच्या मावशीकडे कायमचं दिलं होतं, तिचा म्हणून वाढवायला.

"त्याले मालूम झालं ना आता, हा कोनाचा हाये ते," वनिताबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "इथंच हुडकाले येते. त्याले वाटू द्या, पोरगं घरातच हाये."

"आणि तुम्ही भेटायला?"

"मी गेली तं माह्या मांगं मांगं येईन ना ते."

आमची बदली होत असते, हजार घरं पाहतो. पण त्या घरातून मी अजून बाहेर पडलेलो नाही. निघताना त्यांनी माझी बाही धरली. "तुमी बी एक हाक मारा साहेब. त्या दिवशी समितीपुढं तुमी होते. तुमचा आवाज त्याच्या वळखीचा हाये."

मी रिकाम्या खोलीकडे तोंड करून त्या मुलाला हाक मारली.

वनिताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, बराच वेळ कान देऊन ऐकलं, आणि समाधानानं मान हलवली. "आयकलं त्यानं."