लिबरल जावई

तमाम देशबांधवांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सीमा ओलांडताच राजकीय शब्द कपडे बदलतात. पुतणीने लग्नासाठी पसंत केलेला ऑस्ट्रेलियातला मुलगा आमच्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "मी लिबरल." आमचे समाजवादी दादा खूश! तिकडे लिबरल म्हणजे उजवे, हे कळताच मात्र म्हणाले, "हे लग्न होणार नाही."

पुतणी रडवेली झाली. मी मनात त्या शब्दाला दाद देत होतो. अमेरिकेत तो डावीकडे बसतो, फ्रान्समध्ये व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलतो. काय बहुरूपी आहे!

तेवढ्यात मुलाने सगळ्यांची खरकटी ताटं उचलली आणि मोरीपाशी घासायलाही घेतली. इतकं सहज, की बघत राहावं. वहिनींच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, जन्मभर समतेवर भाषणं केलीत, ताट कधी उचललंत?"